पाटण तालुक्यात राहायला येणाऱ्यांनी मे महिन्यातली विहीर आणि जुलैमधली रात्र पाहून ठरवावं

मा. संपादक,
स. न. वि. वि.

करोनाच्या टाळेबंदीनंतर पुण्या-मुंबईकडच्या बऱ्याच कुटुंबांना गावाकडे येऊन राहावंसं वाटू लागलं आहे. स्वतःपुरतं पिकवावं, पाणी आणि वीज आपल्या दारात असावी, पूर आला, साथ आली, बाजार बंद पडला तरी घर तरून जावं, अशी ही इच्छा आहे. ती मला मनापासून पटते. आमच्या पाटण तालुक्यात (जि. सातारा) अशी कुटुंबं जागा बघायला येतात. मी इथे आरोग्य सेविका होते. उपकेंद्राखालच्या वाड्या पायी फिरले आहे आणि घरची भातशेती अजून करते. त्यामुळे ओळखीपाळखीतून फोन येतात, "ताई, तुमचा तालुका कसा आहे? घ्यावी का जागा?" एकेकाला तुटक सांगण्यापेक्षा सगळ्यांना एकदाच नीट सांगावं म्हणून हे पत्र लिहिते आहे. लांबलं तर सांभाळून घ्यावं.

तालुका कसा आहे, या प्रश्नाला एक उत्तर नाही, कारण पाटण तालुका एकसारखा नाही. पश्चिमेला नवजा, कोयनानगर, हेळवाक या भागात हंगामात पाच हजार मिलिमीटरच्या आसपास, कुठे त्याहूनही जास्त पाऊस पडतो. पूर्वेला मल्हारपेठ, तारळ्याकडे उतरत आलं की पाऊस झपाट्याने कमी होतो. मधे कोयना, केरा, मोरणा, वांग, तारळी या नद्यांची खोरी आणि प्रत्येक खोऱ्याच्या दोन्ही अंगांना डोंगर. एकाच गावाची एक वाडी नदीकाठी असते, दुसरी तासभर चढून जावं लागेल अशा सड्यावर, म्हणजे डोंगरमाथ्याच्या सपाटीवर. म्हणून तालुक्याचं नाव ऐकून काही ठरवू नका. वाडी बघा, वाडीतलं घर कुठे बसलं आहे ते बघा.

जागा बघायला लोक येतात ते बहुतेक ऑक्टोबर ते जानेवारीत. ओढे वाहत असतात, डोंगर हिरवे असतात, हवा सुखाची असते. माझी पहिली विनंती, त्याच जागी मे महिन्याच्या दुसऱ्या पंधरवड्यात या आणि वाडीतल्या बायकांना विचारा की आज पाणी कुठून आणलं. इतका पाऊस पडणाऱ्या तालुक्यातल्या काही वाड्यांना उन्हाळ्यात टँकर लागतो, हे बाहेरच्या माणसाला खरं वाटत नाही. कारण सरळ आहे. खाली काळा कातळ आहे, त्यात पाणी साठतं ते फक्त भेगांत आणि सच्छिद्र थरांत. वरच्या सड्यांवर जांभा हा तांबडा, सच्छिद्र दगड आहे. जांभा पावसाचं पाणी शोषून घेतो आणि जिथे त्याची खालच्या कातळाशी गाठ पडते तिथून ते झऱ्याने बाहेर येतं. कित्येक वाड्या वसल्याच त्या झऱ्यांवर. सड्यावरची झाडी तोडली, जेसीबीने सपाटी केली, वाडीच्या वरच्या अंगाला खोल बोअर घेतली, तर तोच झरा जो पूर्वी मेपर्यंत टिके तो मार्चमध्येच आटतो. नवीन येणाऱ्याची बोअर म्हणजे त्याच्या एकट्याचं पाणी, असं इथे होत नाही. खालच्या पाच घरांच्या हंड्यांशी तिचा संबंध असतो.

आता हिशेब करून बघा. जलजीवन मिशनने माणशी रोज ५५ लिटर पाणी धरलं आहे. चार माणसांना दिवसाला २२० लिटर, म्हणजे फेब्रुवारी ते मे या चार महिन्यांना सव्वीस हजार लिटरच्या आसपास. पन्नास चौरस मीटरच्या छपरावर हजार मिलिमीटर पाऊस पडला आणि गळती-उडती धरून त्यातला ऐंशी टक्के धरता आला, तर चाळीस हजार लिटर हाती येतात. म्हणजे आकाश पुरेसं देतं, अडतं ते साठवायच्या टाकीपाशी. घराच्या आराखड्यात टाकी आधी काढा, गॅलरी नंतर. साठवलेल्या पाण्यात टीसीएल (जंतू मारणारी ब्लीचिंग पावडर) टाकायला विसरू नका. पहिल्या पावसानंतर वाडीवाडीत जुलाबाचे रुग्ण निघायचे, आणि बहुतेक वेळा मूळ सापडायचं ते उघड्या झऱ्यात किंवा न धुतलेल्या टाकीत.

पाण्यानंतर उतार. याबद्दल मी जरा जास्त लिहिणार आहे.

२२ जुलै २०२१ च्या रात्री आमच्या तालुक्यात आंबेघर, मिरगाव आणि ढोकावळे इथे दरडी कोसळल्या. त्याच दिवशी महाड तालुक्यातलं तळिये गेलं. चोवीस तासांत शेजारच्या महाबळेश्वरला सुमारे ५९४ मिलिमीटर पाऊस नोंदला गेला. त्याआधी २०१४ साली ३० जुलैला आंबेगाव तालुक्यातल्या माळीणमध्ये दीडशेवर माणसं मातीखाली गेली. त्यानंतर २०२३ साली १९ जुलैच्या रात्री खालापूर तालुक्यातली इर्शाळवाडी. सगळं जुलैत, जमीन पुरती भिजलेली असताना, सह्याद्रीच्या एकाच पट्ट्यात. ही नावं मी भीती घालायला लिहीत नाही. ज्या उतारावरून सूर्यास्त सुंदर दिसतो म्हणून आज जागा विकली जाते, तो उतार कसा आहे हे विचारायची सवय लागावी म्हणून लिहिते.

उतार कसा बघायचा? घराच्या मागे डोंगराची घळ थेट घराकडे उतरते का, हे पाहा. घळीच्या तोंडाशी मोठमोठे दगड-गोटे पडलेले असतील, तर ते कधीतरी वरूनच आलेले आहेत. झाडांचे बुंधे उताराकडे कललेले दिसले, वरच्या शेताच्या बांधाला भेग गेली असेल, दाराची चौकट वाकडी होऊन दार लागेनासं झालं असेल, तर जमीन हलते आहे. पावसात नेहमीचा झरा अचानक गढूळ झाला किंवा एकदम थांबला, किंवा कधी नव्हतं तिथून पाणी फुटलं, तर सकाळची वाट बघू नये. त्याच क्षणी माणसं आणि सोडलेली गुरं घेऊन बाजूला निघावं, घळीच्या सरळ खाली नाही. सामान राहू द्यावं. भारतीय भूवैज्ञानिक सर्वेक्षणाने दरडप्रवण भागांचे नकाशे केले आहेत आणि ते 'भूकोश' संकेतस्थळावर कोणालाही बघता येतात. तलाठ्याकडे सातबारा काढायला जाता, तसा हा नकाशाही काढा. मात्र तो मोठ्या भागाचा नकाशा असल्यामुळे एकेक घर त्यात दिसणार नाही. ते काम वाडीतला म्हातारा माणूसच करेल. त्याला विचारा, "आजोबा, इथे पूर्वी काय आलं होतं?"

आणि कृपा करून घरासाठी डोंगराचा पायथा उभा कापू नका. पायथा काढला की वरच्या मातीचा आधार जातो. आपण कापतो आपल्या जागेत, मातीखाली जातं ते कदाचित दुसऱ्याचं घर.

भूकंपाचंही सांगायला हवं. ११ डिसेंबर १९६७ च्या पहाटे कोयनेला झालेल्या भूकंपात दीडशेहून जास्त माणसं गेली आणि कोयनानगरची बहुतेक घरं पडली. धरणाच्या साठ्याशी इथल्या भूकंपांचा संबंध आहे, असं शास्त्रज्ञांचं मत आहे, आणि त्याच्या अभ्यासासाठी या भागात खोल विंधन विवर घेतलं गेलं. लहान धक्के इथे अजून बसतात. आम्हाला त्यांची सवय आहे. पण सवय झाली म्हणून भिंत मजबूत होत नाही. आज शहरातून येणाऱ्यांना जुन्या पद्धतीचं दगड-मातीचं घर फार आवडतं. १९९३ साली किल्लारीला जवळजवळ दहा हजार माणसं गेली, ती मुख्यतः जाड दगड-मातीच्या भिंती आणि वरचं जड धाबं अंगावर पडून. दगडाचं घर बांधायचं तर खुशाल बांधा, पण दोन्ही अंगांचे दगड बांधणारे आडवे दगड घाला, दाराच्या माथ्यावर आणि छताखाली चारी भिंतींना फिरणारा काँक्रीटचा पट्टा घाला, छप्पर हलकं ठेवा. गवंड्याने नको म्हटलं तरी घाला.

धान्याबाबत मी आशेने लिहू शकते. कष्टाचं काम करणाऱ्या माणसाला रोज सुमारे ४०० ग्रॅम धान्य लागतं असं धरलं, तर चार माणसांना वर्षाला सहा क्विंटलच्या आसपास पुरे. आमच्या एकरात बऱ्या वर्षी दहा-बारा क्विंटल भात होतो, तो कांडून सहा-सात क्विंटल तांदूळ निघतो. वरकस जमिनीत नाचणी होते. नीट वाळवलेल्या नाचणीला सहसा कीड लागत नाही, वर्षानुवर्षं टिकते. एका वर्षी भात गेला तरी घर नाचणीवर निघतं. आपत्तीच्या तयारीसाठी डबाबंद अन्न विकत घेणाऱ्यांना मी सांगते, कणगीभर नाचणी ठेवा. पावसाळ्याची बेगमी ही तर इथल्या घरोघरची जुनी रीत. मे महिन्यात जळण छपराखाली रचलेलं, शेणी झाकलेल्या, डाळी उन्हं दाखवून कडुलिंबाच्या पाल्यात भरलेल्या, मिरची-मीठ-तेल घरात आलेलं. जून ते सप्टेंबर काही वाळत नाही, म्हणून ही तयारी. येणाऱ्यांनी ती शेजारणीकडून शिकून घ्यावी.

मात्र शेतात पिकलेलं सगळं घरात येत नाही. कोयना अभयारण्य आणि चांदोली राष्ट्रीय उद्यान मिळून २०१० साली सह्याद्री व्याघ्र प्रकल्प झाला, त्याच्या काठाची ही गावं. रानडुकरं आणि गवे एका रात्रीत उभं पीक लोळवतात, दिवसा वानरं असतात. वन खात्याकडून नुकसानभरपाई मिळते, पंचनामा वेळेत करून घ्यावा लागतो. पण भरपाईचे पैसे भाकरीच्या जागी येत नाहीत. राखणीला पाळीपाळीने जाणारे शेजारी लागतात. अनेक शेतं पडीक पडली ती जमीन वाईट म्हणून नाही, राखणीला माणूस उरला नाही म्हणून.

विजेबद्दल थोडक्यात. कोयना प्रकल्पाची क्षमता १,९६० मेगावॅट आहे, वनकुसवडे पठारावर पवनचक्क्या फिरताना दिसतात, आणि तरी पावसाळ्यात झाड पडून तार तुटली की वाडी कित्येक दिवस अंधारात राहते. सोलार लावा, पण पश्चिम भागात चार महिने ढग असतात हे धरून बॅटरी आणि वापर ठरवा. फोन चार्ज होणं, एक दिवा आणि शक्य असेल तर लस-इन्सुलिनपुरता गारवा, एवढं सांभाळलं तरी खूप झालं.

माझ्या कामाचा भाग आता. जागा बघताना सगळे विचारतात, कराड किती किलोमीटर? मी उलट विचारते, जुलैच्या रात्री दोन वाजता आजारी माणसाला घेऊन डांबरी रस्त्यापर्यंत कसे जाल? धरणातून पाणी सोडलं आणि वरून पाऊस असला की संगमनगर धक्क्याचा जुना पूल, मूळगावचा पूल पाण्याखाली जातात. पलीकडच्या गावांचा रस्ता तुटतो. तेव्हा किलोमीटर मोजून उपयोग नसतो. १०८ ची गाडी येते, पण रस्ता असेल तिथपर्यंत. त्यापुढे घोंगडीची झोळी करून चार-सहा माणसं आळीपाळीने खांदा देतात. अशा झोळीबरोबर मी चालले आहे. पुढे कंदील घेऊन एक जण, मागे सलाईनची बाटली धरून मी.

साप चावल्यावर तर वेळ हाच उपचार. नाग, मण्यार, घोणस, फुरसं हे चार प्रमुख विषारी साप, आणि चौघांच्या विषावर चालणारी एकच लस सरकारी दवाखान्यात मोफत मिळते. मण्यार रात्री अंथरुणात चावते, दुखतही नाही, आणि सकाळपर्यंत पापण्या जड होऊन श्वास थांबू लागतो. मग लसीबरोबर श्वासाचं यंत्र लागतं, म्हणजे कराड गाठावं लागतं. म्हणून जमिनीवर झोपू नका, मच्छरदाणी गादीखाली नीट खोचा. चावलंच तर जखम कापू नका, दोरीने आवळू नका, हात-पाय हलू न देता लगेच निघा. ज्यांच्या घरी डायलिसिसवरचा माणूस आहे, ज्यांना वारंवार तज्ज्ञ डॉक्टर लागतो, त्यांनी सड्यावरची वाडी निवडू नये, खोऱ्यात महामार्गाजवळ राहावं. इथेही बाळंतपणाची तारीख पावसात असेल तर आम्ही त्या बाईला आधीच खालच्या गावात नातेवाइकांकडे आणून ठेवत असू.

कायद्याचं एवढंच सांगते की महाराष्ट्रात शेतकरी नसलेल्याला परवानगीशिवाय शेतजमीन घेता येत नाही. सातबाऱ्यावर भोगवटादार वर्ग २ (म्हणजे विकायला सरकारी परवानगी लागणारी जमीन) लिहिलेलं असेल, जमीन धरणग्रस्तांना मिळालेली असेल, तर थांबा आणि चौकशी करा. एकेका सातबाऱ्यावर पंधरा-वीस चुलत भावंडांची नावं असतात, त्यातली निम्मी मुंबईत. वनहद्द बघा, आणि पश्चिम घाट संवेदनशील क्षेत्राच्या प्रारूप अधिसूचनेत तालुक्यातली अनेक गावं आहेत, त्यात आपलं आहे का तेही बघा. जागेपर्यंतची वाट कोणाच्या शेतातून जाते, हे कागदावर हवं.

हे सगळं पाहून झाल्यावर राहतो तो सर्वांत मोठा मुद्दा. वाडीत माणसं किती आहेत? आमचा तालुका माथाडींचा, मुंबईच्या बाजारांत पाठीवर ओझी वाहणाऱ्यांचा. पिढ्यान्‌पिढ्या तरणी माणसं तिकडे गेली. गणपतीत, यात्रेला घरं भरतात, एरवी अनेक वाड्यांत म्हातारी माणसं आणि कुलपं. २०२१ च्या त्या रात्री रस्ते पाण्याखाली होते, वाटेवर झाडं आणि दगड होते, बाहेरची मदत पोहोचेपर्यंत दुसरा दिवस उजाडला. तोवर जे काही केलं ते वाडीतल्या आणि शेजारच्या वाडीतल्या माणसांनी. म्हणून मी म्हणते, कुंपणाच्या आत कोणी स्वयंपूर्ण होत नाही. इथे स्वयंपूर्ण होती ती वाडी. भाताच्या लावणीला एकमेकांकडे जाणं, राखणीच्या पाळ्या, झऱ्याची साफसफाई, झोळीला खांदा, हे सगळं मिळून ती उभी होती आणि आता तिला माणसं कमी पडत आहेत.

तेव्हा तुमची गरज आम्हाला आहे, हेही मोकळेपणाने सांगते. तुम्ही या. पण उंच भिंत घालून बारा महिने बंद राहणारं घर बांधायला येऊ नका. राहायला या, पावसाळ्यातही राहा. ग्रामसभेला बसा. तुमची गाडी रात्री रुग्णासाठी निघेल हे पोलीस पाटलाला सांगून ठेवा. ग्राम सुरक्षा यंत्रणेत नंबर नोंदवा, म्हणजे एका फोनवर गावातल्या सगळ्यांना एकाच वेळी निरोप जातो. शक्य असेल तर घेण्याआधी एक पावसाळा भाड्याने राहून बघा. तेवढ्यात वाडी तुम्हाला कळेल आणि तुम्ही वाडीला.

शेवटी एक मागणी, प्रशासनाकडे आणि आपल्याकडेही. आपत्ती व्यवस्थापन कायदा २००५ चा. जिल्ह्याचे, तालुक्याचे आराखडे दरवर्षी होतात, धोकादायक वाड्यांच्या याद्या तयार असतात. पण वाडीतल्या म्हातारीला आपलं घर त्या यादीत आहे की नाही हे माहीत नसतं, आणि बाहेरून जागा घ्यायला आलेल्यालाही कोणी सांगत नाही. ही यादी मे महिना संपायच्या आत प्रत्येक ग्रामपंचायतीच्या भिंतीवर मोठ्या अक्षरांत लागावी आणि ग्रामसभेत वाचली जावी. दुय्यम निबंधकाकडे खरेदीखत होण्याआधी घेणाऱ्याला ती दाखवणं बंधनकारक करावं. आपल्या वृत्तपत्राने सातारा आवृत्तीत ती तालुकावार छापावी. वाडीचं नाव, अतिवृष्टीत लोकांना हलवायची शाळा किंवा मंदिर कुठलं, तिथे पाणी आणि शौचालय आहे का, आणि त्या शाळेची किल्ली रात्री कोणाकडे असते, एवढं तरी त्यात असावं.

आपली,
एक निवृत्त आरोग्य सेविका,
ता. पाटण, जि. सातारा